कुकर

कार्तिक अर्धा उलटला तरी चिंधू कापगतेच्या वावरातलं धान उभंच होतं. आजूबाजूच्या बांध्या, बांध घातलेले शेताचे तुकडे, कापून मोकळ्या झाल्या होत्या, त्यांत बगळे फिरत होते, आणि मधोमध त्याचं तीन एकर धान लोंब्यांच्या वजनानं वाकून एका अंगावर पडायला लागलं होतं. उतईच्या रस्त्यानं जाणारे-येणारे तिकडं बघायचे आणि पुढं निघून जायचे. धान का उभं आहे, असं कुणी विचारत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

रोवणीच्या दिवसांत कमलाबाईची सोळा बायांची टोळी त्याच्या बांधीत उतरली होती. कमला इथलीच, छत्तीसगढी बोलणारी, पन्नाशीची बाई. कुणाच्या वावरात कधी उतरायचं ते तिच्या शब्दावर चालायचं. त्या दिवशी चिंधू रातपाळी करून थेट वावरात आला होता. पहिल्याच बांधीत त्याला ओळी वाकड्या दिसल्या. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर उभा राहून त्यानं आवाज चढवला. बाया वाकून रोवतच राहिल्या. कुणी वर बघेना, तसा त्याचा पारा आणखी चढला, आणि धुऱ्यावर ठेवलेला कमलाचा डबा त्यानं लाथेनं चिखलात उडवला. डब्यात बासी होती, रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, मीठ आणि एक कांदा. भात गाळावर पांढरा पसरला. कमलानं पाण्यात हात धुतले, डबा उचलला, झाकण शोधून लावलं आणि चालायला लागली. तिच्यामागं पंधराजणी निघाल्या. एकीनंही शिवी दिली नाही. दिली असती तर चिंधूला बरं वाटलं असतं.

उरलेला पऱ्हा, धानाची रोपं, त्याची बायको रुक्मा आणि मुलगी दिपाली यांनी नऊ दिवस कंबर मोडून रोवला. चिंधू ड्युटीवर होता. कापणीलाही कमलाची टोळी त्याच्याकडं फिरकली नाही.

चिंधू छप्पन वर्षांचा होता. त्याचा बाप साकोलीकडून इकडं छत्तीसगढात पोलादाच्या प्लांटच्या कामाला आला होता आणि चिंधू सेक्टर दोनच्या क्वार्टरात वाढला. पुढं तोही प्लांटात लागला, उतईला जमीन घेतली, घर बांधलं. रोज फटफटीवर जायचा, यायचा. त्याचं जगाबद्दल एकच मत होतं, की सगळे कामचोर आहेत. चहा करणाऱ्याला चहा येत नाही, गाडी चालवणाऱ्याला गाडी येत नाही, भाजी निवडणाऱ्या बाईला डोळे नाहीत. हे मत तो मोठ्यानं सांगायचा. त्याच्या फटफटीचा आवाज आला की घरात टीव्ही बंद व्हायचा, दिपाली पुस्तकं गोळा करून आतल्या खोलीत जायची आणि रुक्मा ताट घ्यायला लागायची. ही अदब आहे, असं तो समजत होता. आपल्या बापापुढं तोही असाच उठून जायचा. मोठा मुलगा शुभम पुण्याला नोकरीला होता. तो आईला फोन करायचा, पण बापाची पाळी कोणती ते बघून. हे चिंधूला माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर त्यानं प्लांटातल्या रोलिंग मिलमध्ये एका क्रेनवाल्याला सगळ्यांसमोर असं काही बोलून टाकलं की त्या माणसानं लेखी तक्रार केली. साहेब जुने ओळखीचे होते. त्यांनी कागद वर न पाठवता चिंधूला दोन दिवसांच्या वर्गाला पाठवलं. वर्ग रागावर होता. एका हॉलात त्याच्यासारखे बावीस जण बसले होते, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. शिकवायला मृणाल नावाची तिशीतली मॅडम होती, नागपूरकडची. तिनं सांगितलं, राग आला की पाणी प्या, दहापासून उलटे अंक मोजा, आणि आपल्याला नेमकं काय होतंय त्याला नाव द्या. चिंधू तिच्या स्वच्छ नखांकडं बघत बसला. हिला एक दिवस तापल्या लोखंडाजवळ उभं करावं आणि मग अंक मोजायला सांगावं, असं त्याला वाटत होतं. शेवटी तिनं एकेक कागद वाटला. घरातल्या प्रत्येकाला विचारायचं, मी रागावतो तेव्हा तुला काय वाटतं, आणि उत्तर येईल ते लिहायचं. वाद घालायचा नाही. पुढच्या शनिवारी कागद परत आणायचा.

शेजारच्या माणसानं तिथंच बसल्या बसल्या कागद भरून टाकला. बायको, ठीक. मुलगा, ठीक. सून, ठीक. चिंधूला त्याची किळस आली. खोटं काम करणाऱ्या माणसाची त्याला पहिल्यापासून किळस होती. कागद घडी करून त्यानं खिशात घातला.

सोमवारपासून त्यानं आठवडाभर रजा टाकली आणि तिघं धान कापायला उतरले. बंगालच्या उपसागरात काहीतरी तयार होत होतं, गुरुवार-शुक्रवारी पाणी येणार, असं मोबाईलवर दिसत होतं. हार्वेस्टर आणायचा तर शेजाऱ्याच्या बांधीतून आणावा लागला असता, आणि त्या शेजाऱ्याशी चिंधूचं मागच्या साली धुऱ्यावरून वाजलं होतं. तो शेजारी आता रोज सकाळी आपल्या धुऱ्यावर येऊन दात घासत यांचं काम बघायचा.

चिंधूला वाटलं होतं, आपण पुढं राहू आणि बाया मागून येतील. पण मिलमध्ये पंधरा वर्षं तो उभ्यानं काम करत आला होता. तासाभरात त्याच्या कंबरेत लोखंडी पट्टी ठोकल्यासारखं झालं. उजव्या मनगटाला विळ्याचा झटका सोसेना. धानाची पाती हातावर बारीक चरे काढत होती आणि घाम त्यात चुरचुरत होता. दुपारपर्यंत दिपाली त्याच्या दोन पट्ट्या पुढं गेली. वीस वर्षांची पोर, कॉलेज बुडवून आलेली, डोक्याला ओढणी बांधून न थांबता कापत होती. कापलेल्या मुठी ती मागं ओळीनं मांडत जायची, कडपा सरळ दोरीत. चूक काढायला जागा नव्हती. मग चिंधूनं चूक काढली, की बुडखे उंच ठेवून राहिली, तणस काय शेजाऱ्याले ठेवतेस.

दिपालीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. तो स्वतः कापत होता तिथले जमिनीत उरलेले बुडखे तिच्याहून वीतभर उंच होते. तिनं एकदा ते बघितले, एकदा त्याला बघितलं, आणि परत कामाला लागली.

त्या दिवशी तो पाच वेळा ओरडला. पाण्याची कळशी उन्हात ठेवली म्हणून, विळ्याला धार नाही म्हणून, रुक्मा सारखी बसते म्हणून. रुक्माचे गुडघे गेले होते, ती बसून सरकत सरकत कापत होती. संध्याकाळी मोजलं तर तिघांचं मिळून पाव एकर झालं होतं.

मंगळवारी दुपारी पळसाच्या सावलीत भाकरी खाऊन झाल्यावर चिंधूनं खिशातून कागद काढला. घामानं तो मऊ झाला होता. हे प्लांटातलं काम आहे, शनिवारी द्यायचं आहे, असं त्यानं सांगितलं आणि प्रश्न वाचून दाखवला. वाचताना त्याचा आवाज हजेरी घेतल्यासारखा होता.

रुक्मा म्हणाली, ‘‘लिवा ना, सब बराबर आहे म्हणून.’’

‘‘बराबर नाही लिवाचं. जे आहे ते सांगाचं.’’

रुक्मानं लोणच्याच्या डब्याचं झाकण लावलं आणि पोरीकडं बघितलं. दिपाली पाय लांब करून बसली होती. तळव्यात रुतलेलं कुसळ ती नखानं काढत होती. वर न बघताच तिनं विचारलं, ‘‘खरं सांगू का?’’

‘‘मंग काय खोटं सांगतं?’’

‘‘लाज वाटते,’’ ती म्हणाली.

चिंधूला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. भेव लागते असंच ना, असं त्यानं विचारलं. भेव लागते हे उत्तर त्यानं मनात धरूनच ठेवलं होतं. ते लिहायला त्याला थोडं बरंच वाटलं असतं.

‘‘भेव लहानपणी लागे, बाबा. आता नाही लागत. तुमी ओरडता तवा तुमच्या तोंडातून थुका उडते, मी ते पायत राहते. शेजारी आयकून राहिले काय ते पायते. कमलाबाईचा डबा उडवला तवा मले वाटलं, हा माणूस माहा कोनी नाही म्हणून सांगून द्यावं.’’ तिचा आवाज चढला नव्हता. ‘‘भाऊ तं तुमाले कुकर म्हणते. तुमी आले का म्हणते, थांबा, तीन शिट्या होऊ द्या, मंग जेवू.’’

रुक्माच्या तोंडून हसू फुटलं. तिनं पदर तोंडावर दाबला, पण ते दाबलं गेलं नाही. खांदे हलत राहिले, डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षांत नवऱ्यासमोर ती अशी कधी हसली नव्हती आणि आता थांबवू म्हणता थांबवता येत नव्हतं. दिपालीही आईकडं बघून हसायला लागली.

चिंधू उठला. हातात विळा होता. दोघी एकदम गप्प झाल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आता शिटी होईल म्हणून वाट बघतात तसं दोघी बघत होत्या. त्यानं ते बघितलं आणि पहिल्यांदाच त्याला ते नीट दिसलं. दहा, नऊ, आठ, असं त्यानं मनात सुरू केलं. सातवर त्याला वाटलं की आपण दोन बायांसमोर उभं राहून अंक मोजतोय. मॅडमचा, अंकांचा आणि स्वतःचा, तिन्हींचा त्याला सारखाच तिटकारा आला. तो वळला आणि शेवटच्या बांधीच्या कोपऱ्यात जाऊन एकटा कापायला लागला. अंधार पडेपर्यंत तो तिथंच होता. बाप गेला तेव्हा आपल्याला रडू का आलं नव्हतं, हे त्याला कापता कापता आठवलं. तेव्हा त्याला हलकं वाटलं होतं, आणि घरातल्या कुणालाच वाईट वाटलं नव्हतं. म्हाताऱ्याची पण लोकांना अदबच वाटत असणार, असं आजवर त्यानं धरलं होतं.

घरी आल्यावर त्यानं कागद काढला आणि प्लांटात रजिस्टर लिहायचा तशा सुबक अक्षरांत लिहिलं. पत्नी, हसली. मुलगी, लाज वाटते. मुलगा, फोनवर विचारले नाही.

बुधवारी सकाळी आभाळ भरून आलं. दोन एकरांवर धान अजून उभं होतं. चिंधू आंघोळ न करताच निघाला आणि कमलाच्या पाड्यात गेला. कमला अंगण सारवत होती. तिनं सारवणं थांबवलं नाही. ओल्या शेणामुळं त्याला पाय टाकायला जागा नव्हती, म्हणून तो रस्त्यावरच उभा राहिला. पोरं जमली, दोन म्हाताऱ्या ओट्यावर येऊन बसल्या. अर्धं अंगण सारवून झाल्यावर कमलानं विचारलं, काय काम आहे. त्यानं सांगितलं, कापणी आहे. ती म्हणाली, दिसते रोज येता-जाता. मग उरलेलं अर्धं अंगण सारवलं. हात धुऊन झाल्यावर तिनं आपलं म्हणणं सांगितलं. बाया येतील. पण बोलणं त्याच धुऱ्यावर झालं पाहिजे, सगळ्याजणींसमोर. आणि कामाचं काय ते पोरगी सांगेल. तो बांधीत तोंड उघडणार नाही, भारे वाहील.

चिंधू हो म्हणाला.

नऊ वाजता सगळ्याजणी धुऱ्यावर रांगेत उभ्या राहिल्या. विळे कंबरेला होते. रुक्मा आणि दिपाली बाजूला. शेजारी आज दात घासून झाले तरी घरी गेला नव्हता. चिंधूनं घसा साफ केला आणि हिंदीत म्हणाला, ‘‘जो हुआ सो हुआ. भूल जाओ.’’

कमलानं बायांना खूण केली. त्या वळल्या.

‘‘डब्बे को लात मारी,’’ तो घाईनं म्हणाला. ‘‘गलत किया.’’

किसने, असं कमलानं न वळता विचारलं.

‘‘मैंने.’’

बाया थांबल्या. मग तो वाकला. कंबर इतकी आखडली होती की अर्ध्यावर त्याला गुडघ्याला धरावं लागलं. जिथं भात सांडला होता तिथल्या मातीला त्यानं बोटं लावली आणि कपाळाला लावली. अन्नाला चुकून पाय लागला तर दोन वर्षांचं लेकरूही करतं ते त्यानं चार महिन्यांनी केलं. कमलानं विळा काढला आणि बांधीत उतरली.

दिपाली त्याच्याजवळून जाताना थांबली. हळू आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही असं, ती म्हणाली, ‘‘धान वाचवाचं होतं म्हणून म्हटलं ना तुमी?’’

‘‘हो,’’ चिंधू म्हणाला.

तो नाही म्हणेल, असं तिला वाटलं होतं. मग तीही उतरली.

दोन दिवस काम चाललं. बाया कापत गेल्या, त्यांच्यामागं रुक्मा पेंढ्या बांधत गेली आणि चिंधू भारे डोक्यावर घेऊन खळ्यावर टाकत गेला. एवढं ढगाळ होतं तरी तो घामानं निथळत होता. डोक्यावरून तणसाचा भुसा मानेत, बनियनमध्ये उतरायचा आणि अंग पेटायचं. बायांना त्याची गंमत वाटत होती. तो जवळून गेला की एखादी म्हणायची, मालक, वाकडा चालतोस, ओळ सरळ ठेव. सगळ्या हसायच्या. तो उत्तर देत नव्हता. तसं ठरलंच होतं.

गुरुवारी दुपारी आभाळ काळं झालं. अर्धी बांधी उरली होती. दिपाली या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती, हिला इकडं बोलव, तिला तिकडं लाव. टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई मागं पडली होती. तिच्या हातून मुठी सुटायच्या आणि लोंब्या मातीत पडायच्या. दिपाली तिच्या डोक्यावर जाऊन उभी राहिली आणि एवढ्या मोठ्यानं बोलली की रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. ‘‘दिखता नहीं तो घर में बैठो. खेत में मरने आती हो क्या?’’

विळ्यांचा खसखस आवाज बंद झाला. म्हातारीनं हातातली मूठ तशीच धरून ठेवली. बाकीच्या बाया दिपालीकडं बघत नव्हत्या. त्या सगळ्या चिंधूकडं बघत होत्या. पाणी कुठून फुटलं ते शोधत माणूस बांधाकडं बघतो, तसं त्या बघत होत्या.

त्याच्या डोक्यावर भारा होता. मानही वळवता येत नव्हती. तो तसाच चालत पोरीजवळ आला आणि भारा उतरव म्हणाला. तिनं हात लावला. भारा खाली आला तेव्हा दोघांची तोंडं समोरासमोर आली. तिच्या हनुवटीवर थुंकीचा एक थेंब होता.

‘‘जाय,’’ तो म्हणाला. ‘‘आत्ताच जाय. माह्यासारखे चार महिने नोको लावू.’’

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. ती गेली आणि म्हातारीच्या शेजारी मातीत बसली. काय बोलली ते कुणाला कळलं नाही. पण उठली नाही, म्हातारीची पट्टी तिच्याबरोबर बसूनच कापत राहिली. कमलानं दुसऱ्या टोकाला स्वतः हाका मारायला सुरुवात केली आणि विळे परत चालू झाले. चिंधूनं भारा उचलला. उचलून द्यायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं आधी गुडघ्यावर घेतला, मग खांद्यावर, मग डोक्यावर.

पाचच्या सुमारास शेवटची पेंढी खळ्यावर आली. बाया घाईनं घरी गेल्या. म्हातारीला दोघींनी हाताला धरून नेलं. गुडघे पार सुजल्यामुळं रुक्मालाही त्यांच्याबरोबर पाठवलं. भारे रचून पुंजणं उभं केलं होतं, खांद्याएवढ्या उंचीचं. चिंधूनं त्यावर ताडपत्री टाकली आणि दोऱ्या ओढून खुंट्यांना बांधल्या. शेवटची गाठ मारून तो आणि दिपाली घराकडं वळणार, तोच वारं सुटलं आणि पाठोपाठ पाऊस आला, आडवा, जाड थेंबांचा. ताडपत्रीचा एक कोपरा सुटून वर उडाला आणि फडफडत पुंजण्यावर आपटायला लागला. वरच्या पेंढ्या भिजायला लागल्या.

दिपालीनं उडी मारून मधली कड पकडली. पण सुटलेला कोपरा तिच्या हाताला येत नव्हता. चिंधूच्या मस्तकात जे जायचं ते गेलं.

‘‘कोनं बांधलं होतं हे?’’ तो ओरडला. ‘‘कोन्या गाढवानं...’’

दिपालीनं त्याच्याकडं बघितलं. पावसात डोळे बारीक करून, खिडकी लावून घेतल्यासारखा चेहरा करून ती उरलेलं ऐकायला उभी राहिली.

चिंधूचं तोंड उघडंच राहिलं. पाणी त्यात जात होतं.

‘‘मीच बांधलं,’’ तो म्हणाला. मग, ‘‘आता काय करू, सांग.’’

‘‘तो कोपरा धरा,’’ ती म्हणाली. ‘‘खाली ओढा. अन् बोलू नोका.’’

त्यानं दोनदा झेप घेतली, दुसऱ्यांदा कोपरा हाती लागला. वाऱ्याच्या ओढीनं दोरी खुंटीपर्यंत पोचत नव्हती. म्हणून त्यानं कोपरा दोन्ही मुठींत धरला, पाय चिखलात रोवले आणि मागं रेलला. पलीकडून दिपालीनं आपली कड ओढून धरली. मधे पुंजणं होतं, दोघांना एकमेकांचं फक्त डोकं दिसत होतं. वारं आलं की ताडपत्री दोघांनाही पुढं ओढायची, वारं सरलं की दोघं मागं यायचे. असं किती वेळ चाललं ते कळलं नाही. त्याच्या मनगटाची ठणक कोपरापर्यंत चढली, मग खांद्यापर्यंत. बोटं पांढरी पडून सुन्न झाली. त्याला बोलायचं होतं, पण बोलू नोका म्हटलं होतं.

पाऊस थोडा बारीक झाला, तशी पलीकडून ती बोलली.

‘‘हात दुखते का, बाबा?’’

‘‘दुखते.’’

तिनं आपली कड मुठीत आणखी गुंडाळली.

‘‘माहापन दुखते,’’ ती म्हणाली. ‘‘धरून ठेवा.’’

तो धरून राहिला.